सबमिशनच्या तोंडावर : डिझाइन विद्यार्थ्यांचे प्रश्न, आमची उत्तरं

सबमिशन जवळ आलं की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. संकल्पना, मूडबोर्ड, रंगसंगती यांवरचे प्रश्न आटतात आणि ‘जिना बसत नाही’, ‘मॉडेल वाकलं’ अशी पत्रं वाढतात. आम्हाला हीच पत्रं जास्त आवडतात, कारण प्रकल्प नेमका कुठे अडलाय ते त्यांतून कळतं. या वेळचे प्रश्न इंटिरिअर आणि आर्किटेक्चर अशा दोन्ही शाखांचे आहेत. वेगळं लिहिलेलं नसेल तिथे सगळी मापं मिलिमीटरमध्ये आहेत.

प्रश्न : प्रकल्पासाठी एक खोली मोजली. लांबी ४५००, रुंदी ३६००. समोरासमोरच्या भिंतींची मापं जुळतात, पण दार, खिडकी, कोनाडा यांची सुटी मापं मिळवली तर बेरीज ४५२० येते. शिवाय मॅडम म्हणतात, ‘कर्ण कुठे आहेत?’ चारही बाजू मोजल्या असताना कर्णांची काय गरज? (पहिलं वर्ष, इंटिरिअर डिझाइन)

उत्तर : बेरीज चुकते कारण तुम्ही प्रत्येक तुकडा वेगळा मोजला. टेप दर वेळी उचलून नव्याने लावली की दोन-तीन मिलिमीटरची चूक होतेच, आणि सात-आठ तुकड्यांत ती साठत जाते. त्याऐवजी टेपचं शून्य एका कोपऱ्यात धरून ठेवा आणि तिथून ओळीनं वाचत जा : खिडकीची सुरुवात ८५०, शेवट २०५०, कोनाडा २९००, भिंतीचा शेवट ४५००. एखादं वाचन चुकलं तरी ती चूक पुढच्या मापात जात नाही.

आता कर्ण. चारही बाजू बरोबर असल्या तरी खोली गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे की नाही, हे बाजूंवरून कळत नाही. तुमची खोली अगदी काटकोनात असेल तर दोन्ही कर्ण ५७६३ यायला हवेत. समजा, एक ५७८३ आणि दुसरा ५७४३ आला. फरक फक्त ४० चा वाटतो. पण त्याचा अर्थ असा की ३६०० च्या भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाईतो ती साधारण २६ मिलिमीटर कललेली आहे. लांब भिंतीला समांतर टाइल लावत आलात तर आखूड भिंतीपाशी शेवटच्या ओळीचा काप एका टोकाला दुसऱ्यापेक्षा २६ मिलिमीटर रुंद निघेल. दारातून आत येणाऱ्या माणसाची नजर नेमकी तिथेच जाते. हे आधी कळलं असेल तर तो तिरका काप कपाटाखाली नेता येतो.

काढतानाही कर्ण वापरा. एक लांब भिंत सरळ रेषा म्हणून काढा, तिच्या दोन्ही टोकांपासून बाजू आणि कर्ण यांच्या मापांचे कंस मारा आणि जिथे ते छेदतात तो कोपरा धरा. सगळे कोन ९० धरून काढलेला प्लॅन दिसतो छान, पण तो तुमच्या खोलीचा नसतो.

मोजताना हमखास होणाऱ्या आणखी काही चुका. लेझर मीटर बहुधा उपकरणाच्या मागच्या कडेपासून मोजतो. सेटिंग पुढच्या कडेवर राहिलं तर प्रत्येक मापात उपकरणाच्या लांबीइतका फरक पडतो, तोही सगळीकडे सारखाच, म्हणून लक्षात येत नाही. जमिनीलगत टेप धरली तर ती स्कर्टिंगला टेकते आणि माप दोन्हीकडून कमी भरतं. भिंती पोट काढतात, म्हणून जिथे भिंतीत बसणारं फर्निचर येणार आहे तिथे जमिनीलगत, कमरेच्या उंचीवर आणि छताजवळ अशी तीन मापं घ्या आणि सगळ्यांत लहान धरा. बीमची खालची कड, खिडकीची सिल, लिंटेल, स्विचबोर्ड, पाण्याच्या जोडण्या आणि शेजारच्या खोलीतल्या जमिनीच्या पातळीतला फरक, यांसाठी परत जावं लागतं असा अनुभव जवळपास प्रत्येक बॅचचा आहे. ही यादी निघण्याआधीच कागदावर लिहून न्या.

प्रश्न : दोन मजली घराच्या प्रकल्पात दुहेरी वळणाचा जिना काढला. मजल्याची उंची ३१५०, जिन्याची जागा आतून २१०० × ४२००. लँडिंगखालून बाहेर जायचं दार दिलं. जुरीत (परीक्षकांपुढच्या सादरीकरणात) पहिलंच वाक्य आलं, ‘इथं डोकं आपटेल.’ प्लॅनमध्ये तर सगळं बसतंय. (दुसरं वर्ष, आर्किटेक्चर)

उत्तर : प्लॅनमध्ये बसतंय, सेक्शनमध्ये (उभ्या छेदात) बसत नाही. जिना नेहमी सेक्शनमध्ये आधी काढायचा. प्लॅन ही त्याची सावली.

हिशेब असा. ३१५० ला १८ चढ (पायरीची उभी उंची म्हणजे एक चढ) घेतले तर प्रत्येक चढ १७५. पायरीची रुंदी २७५ घ्या. दोन चढ अधिक एक रुंदी म्हणजे ६२५. ही बेरीज ६०० ते ६४० च्या दरम्यान राहिली तर चालताना पाऊल अडखळत नाही. सतराव्या शतकात फ्रान्सच्या फ्रान्स्वा ब्लोंदेल यांनी मांडलेला हा नियम आजही कामाला येतो, कारण माणसाच्या पावलात फारसा बदल झालेला नाही.

१८ चढ दोन भागांत वाटले की प्रत्येक भागात ९ चढ येतात. पण पायऱ्या ९ नाहीत, ८ येतात. नववा चढ लँडिंगवर पोचवतो. दुसऱ्या वर्षाच्या निम्म्या शीटांवर इथंच एक पायरी जास्त निघते. ८ × २७५ म्हणजे २२००. त्यात १००० चं लँडिंग आणि वर पोचल्यावर उभं राहायला १००० जागा धरली की ४२००. रुंदीत १००० चे दोन भाग आणि मध्ये १०० ची फट, म्हणजे २१००. प्लॅन खरंच बसला.

आता लँडिंगची उंची पाहा : ९ × १७५ म्हणजे १५७५. त्यातून १५० चा स्लॅब वजा केला की खाली उरतात १४२५. दार राहू द्या, वाकूनही नीट जाता येणार नाही. तुमच्यापुढे तीन वाटा आहेत. पहिली, चढ असमान वाटणं : खालच्या भागात १३ चढ घेतले तर लँडिंग २२७५ वर जातं आणि खाली २१२५ मोकळी उंची मिळते. पण मग खालच्या भागाला १२ पायऱ्यांचे ३३०० लागतात, त्यात १००० चं लँडिंग मिळवलं की ४३००, आणि तुमच्याकडे आहेत ४२००; शिवाय पहिल्या पायरीपुढे उभं राहायलाही जागा हवी. म्हणजे जिन्याची जागा वाढवल्याशिवाय ही वाट बंद. दुसरी, प्लिंथचा फायदा घेणं. जोतं ७०० उंच असेल तर लँडिंगखालचा बोळ घराच्या जमिनीपेक्षा ४ चढ खाली ठेवा. १४२५ अधिक ७०० म्हणजे पुन्हा २१२५. यात २१०० चं दार जेमतेम बसतं, त्यामुळे वरचा बीम तिथे आडवा येत नाही ना, हे सेक्शनमध्ये तपासा. तिसरी वाट म्हणजे दार दुसरीकडे नेणं. आमचं मत विचाराल तर आधी तिसरी करून पाहा. दार हलवणं स्वस्त, जिना हलवणं महाग.

जिन्याबद्दल आणखी एक गोष्ट, जी विद्यार्थ्यांच्या ड्रॉइंगमध्ये जवळजवळ कधीच दिसत नाही : फिनिशची जाडी. समजा, मजल्यावर गिलावा आणि फरशी मिळून ५० चा थर आहे आणि पायरीवर फक्त २० चा दगड. काँक्रीटचे सगळे चढ १७५ चे सारखे ओतले, तर फिनिश झाल्यावर पहिला चढ १४५ होतो आणि शेवटचा २०५. मधले सगळे १७५. अंधारात नेमक्या याच दोन पायऱ्यांवर माणूस ठेचकाळतो. म्हणून काँक्रीटचे पहिला आणि शेवटचा चढ वेगळ्या मापाचे दाखवावे लागतात : इथे पहिला २०५ आणि शेवटचा १४५. कठडा ९०० ते १०००, त्यातल्या उभ्या गजांमधलं अंतर १०० पेक्षा कमी, आणि प्लॅनमधला बाण कायम चढण्याच्या दिशेनं.

प्रश्न : १:५० चं मॉडेल केलं. भिंतींवर प्रिंट केलेला कागद चिकटवला. रात्री सरळ होत्या, सकाळी सगळ्या धनुष्यासारख्या वाकलेल्या. शिवाय मॉडेल बेसवर आखलेल्या प्लॅनपेक्षा मोठं झालं. (दुसरं वर्ष, इंटिरिअर डिझाइन)

उत्तर : पांढऱ्या गोंदात पाणी असतं. कागद ओला होऊन पसरतो, पसरलेल्या अवस्थेत चिकटतो आणि वाळताना आकसून बोर्डाला आपल्याकडे ओढतो. उपाय सोपा आहे : दोन्ही बाजूंना कागद लावा, म्हणजे ओढ दोन्हीकडून सारखी राहते, किंवा पाणी नसलेली चिकटपट्टी वा स्प्रे वापरा. चिकटवल्यावर सपाट जागी वजनाखाली रात्रभर ठेवा. वाकलेल्या भिंतीच्या मागच्या बाजूला आता तसाच कागद लावून दाबून ठेवलात तर बऱ्याचशा परत सरळ होतील.

मॉडेल मोठं होण्याचं कारण कोपऱ्यात आहे. २३० ची भिंत १:५० ला ४.६ भरते, म्हणून ५ चा फोमबोर्ड योग्यच आहे. पण चारही भिंती पूर्ण बाहेरच्या मापानं कापल्या आणि दोन भिंती दुसऱ्या दोघींच्या बाहेरून चिकटवल्या, तर त्या दिशेनं मॉडेल १० नं वाढतं. १:५० ला ते १० म्हणजे प्रत्यक्षात अर्धा मीटर! समोरासमोरच्या दोन भिंतींच्या लांबीतून दोन जाड्या वजा करा, किंवा कोपरे ४५ अंशात कापा. कापताना नवं पातं, स्टीलची पट्टी आणि एका जोरदार घावाऐवजी तीन हलके हात. खिडकी कापताना आधी चारही कोपऱ्यांत पातं टोचून घ्या, मग कोपऱ्यापासून मध्याकडे या. असं केलं की कोपरे फाटत नाहीत. आणि फोमबोर्डाला सॉल्व्हंटवाला गोंद लावू नका. आतला फोम विरघळतो आणि वरचे दोन कागद तेवढे हातात राहतात.

प्रश्न : ए१ शीटवर १:५० चा प्लॅन आहे. पोर्टफोलिओसाठी तीच शीट ए३ वर छापली तर स्केल काय लिहायचं?

उत्तर : ए१ वरून ए३ वर येताना लांबी बरोबर निम्मी होते, म्हणून १:१००. ए२ वर छापलंत तर गुणोत्तर विचित्र येतं, सुमारे १:७१, आणि ते कुठल्याच स्केलपट्टीवर नसतं. त्यापेक्षा प्रत्येक ड्रॉइंगखाली आलेखी स्केलपट्टी काढा. कागद लहान-मोठा झाला की तीही सोबत बदलते. अक्षरांकडेही बघा : ए१ वर ३ उंचीचं अक्षर ए३ वर दीड उरतं आणि वाचता येत नाही.

प्रश्न : बैठक आणि अभ्यास अशी एकत्र खोली, ४ × ५ मीटर. अभ्यासाला ५०० लक्स (पृष्ठभागावर पडणाऱ्या प्रकाशाचं माप) हवेत असं वाचलं. हिशेब केला तर छतात २५ दिवे लागतात असं निघतंय. काहीतरी चुकतंय का? (तिसरं वर्ष, इंटिरिअर डिझाइन)

उत्तर : हिशेब चुकलेला नाही, प्रश्न चुकीच्या जागेला विचारलाय. तुम्ही केलं ते असं असणार : २० चौरस मीटर × ५०० लक्स = १०,०००. खोलीत प्रकाश वाया जातो म्हणून उपयोग गुणांक ०.५ आणि धूळ व झीज यांसाठी ०.८, म्हणजे ०.४ नं भागलं : २५,००० लुमेन (दिव्यातून निघणाऱ्या प्रकाशाचं माप). एक दिवा १००० लुमेनचा, म्हणून २५ दिवे. बरोबर.

पण ५०० लक्स कुठे हवेत? वही-पुस्तक ठेवलेल्या जागी. बाकी खोलीला १५० पुरतात. २० × १५० = ३०००, भागिले ०.४ म्हणजे ७५०० लुमेन, म्हणजे ८ दिवे. टेबलाच्या १२०० × ६०० एवढ्या भागाला एक वेगळा दिवा, डोळ्याला दिसणार नाही असा झाकलेला आणि पानावर हाताची सावली पडू नये म्हणून लिहिणाऱ्या हाताच्या विरुद्ध बाजूला. दिवा जवळ आला की काम सोपं होतं : लहान दिव्यापासूनचं अंतर निम्मं केलं तर त्याच्याखालचा प्रकाश चौपट होतो.

आणि हे आठही दिवे छतात सारख्या अंतरावर ओळीनं टोचून टाकायचे, असा अर्थ काढू नका. सारख्या अंतरावरच्या दिव्यांची जाळी हा विद्यार्थ्यांच्या फॉल्स सीलिंग प्लॅनचा जणू राष्ट्रीय नमुना झालाय. खोलीत माणूस कुठे बसतो, भिंतीवर काय आहे, यातलं काहीच त्या जाळीला माहीत नसतं. चार दिवे भिंतीपासून ६०० ते ९०० वर आणून भिंत उजळा. भिंत उजळली की खोली मोठी आणि उजेडी वाटते, लक्स तेवढेच असले तरी. उरलेला प्रकाश स्टँडचा आणि लटकता दिवा यांतून घ्या. स्विचचे किमान तीन गट करा आणि ते प्लॅनवर रेषेनं जोडून दाखवा, नाहीतर प्रकाशाची सगळी मांडणी एकाच बटणावर जाते.

स्वयंपाकघर करणार असाल तर एक सावध सूचना : छताच्या मध्यावरचा दिवा ओट्यापाशी उभ्या माणसाच्या पाठीमागे येतो आणि त्याचीच सावली कामावर पडते. दिवा वरच्या कपाटाच्या खाली, पुढच्या कडेजवळ हवा. आरशाचं तसंच : वरून सोडलेला एकटा दिवा डोळ्यांखाली सावल्या पाडतो, चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना, डोळ्यांच्या उंचीला दिवे द्या. रंगछटा बैठकीला २७०० ते ३००० केल्विन, कामाच्या जागी ४००० पर्यंत चालेल, पण एकाच नजरेत दोन छटा दिसू देऊ नका. जिथे कापड, लाकूड, त्वचा यांचा रंग महत्त्वाचा तिथे रंगदर्शकता निर्देशांक (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचं माप) ९० किंवा वर.

प्रश्न : पुस्तकांच्या भिंतीसाठी १८ च्या प्लायच्या फळ्या, प्रत्येक १२०० लांब, मध्ये आधार नाही. ‘झोळ पडेल’ असं सुताराचं म्हणणं. १८ तर जाडच आहे ना? (तिसरं वर्ष, इंटिरिअर डिझाइन)

उत्तर : सुतार बरोबर आहेत. पुस्तकं फळीभर सारखी पसरलेली असतात, आणि अशा वजनाखाली फळीचा झोळ लांबीच्या चौथ्या घातानं वाढतो. ९०० ची फळी १२०० केली की लांबी तिसऱ्या हिश्शानंच वाढते, पण झोळ तिपटीहून थोडा जास्त होतो. जाडी मात्र तिसऱ्या घातानं मदत करते : १८ ऐवजी २५ घेतली तर झोळ पावणेतीन पटींनी कमी. म्हणजे १२०० लांबीला २५ ची फळी साधारण ९०० लांबीच्या १८ च्या फळीच्या जवळ येते. एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) घेतलात तर परिस्थिती आणखी वाईट, कारण तो प्लायपेक्षा कमी ताठ असतो आणि वजन राहिलं तर महिनोन्‌महिने हळूहळू वाकतच जातो.

स्वस्त उपाय दोन. मध्ये उभी फळी देऊन लांबी ६०० करा. मग १८ निवांत चालतं. किंवा फळीच्या पुढच्या कडेला ४० उंच घन लाकडाची पट्टी उभी चिकटवा आणि मागची कड पाठीच्या प्लायला स्क्रूनं धरा. उभी पट्टी दिसायला फळीला जाडी देते आणि बळही. अनेक चांगल्या कपाटांच्या ‘जाड’ फळ्या आतून अशाच असतात.

माप ठरवताना शीटचा विचार करा. प्लाय २४४० × १२२० मध्ये येतो आणि करवत प्रत्येक कापाला ३ ते ४ खाते. ६०० खोलीचं कपाट ठेवलंत तर १२२० मधून दोन पट्ट्या निघतात आणि कापाला जागा उरते. तेच ६२० केलंत तर एका शीटमधून एकच पट्टी, आणि जवळपास ६०० रुंदीचा तुकडा कोपऱ्यात पडून राहतो. त्या वीस मिलिमीटरपायी शीटांची संख्या दुप्पट होऊ शकते. सरकत्या दारांचं कपाट मात्र ६५० च्या आसपास लागतंच, कारण रुळांची जागा वजा करून आत हँगरसाठी ५५० उरायला हवेत. तिथे बाजूच्या फळ्यांचं कटिंग शीटवर स्वतंत्र बसवून पाहा आणि उरलेल्या पट्टीतून ड्रॉवर काढा.

लॅमिनेट एकाच बाजूला लावलं तर दार वाकतं. आतल्या बाजूला ०.८ चं बॅलन्सिंग लॅमिनेट हवं. कारण मघाच्या मॉडेलसारखंच : ओढ दोन्ही बाजूंनी सारखी हवी. २१०० उंच दाराला दोन बिजागऱ्या दाखवणाऱ्यांनी त्या चार कराव्यात. आणि दाराची रुंदी ५०० च्या आत ठेवली तर बिजागऱ्या वर्षानुवर्षं सरळ राहतात.

प्रश्न : वाचनालयाचा हॉल, १० × ८ मीटर, उंची ३.२. ‘इंडस्ट्रियल लुक’ म्हणून काँक्रीटचं छत उघडं, फरशी गुळगुळीत, एका बाजूला काच. जुरीत विचारलं, ‘आवाजाचं काय?’ एका भिंतीवर लाकडी पट्ट्यांचं पॅनेल देतो, ते पुरेल का? (चौथं वर्ष, आर्किटेक्चर)

उत्तर : नाही पुरणार. हिशेब दोन ओळींचा आहे. घुमार विरायचा वेळ = ०.१६१ × घनफळ ÷ एकूण शोषण. घनफळ २५६ घनमीटर. सगळे पृष्ठभाग मिळून सुमारे २७५ चौरस मीटर, आणि काँक्रीट, काच, फरशी यांचं शोषण (आवाजाचा किती हिस्सा पृष्ठभाग गिळतो ते) सरासरी ०.०५ धरलं तर एकूण १३.८. उत्तर : साधारण ३ सेकंद. वाचनालयात कुणी खुर्ची सरकवली तर तीन सेकंद हॉल बोलत राहणार.

आता छताचा अर्धा भाग, म्हणजे ४० चौरस मीटर, ०.८ शोषणाच्या लटकत्या पॅनेलनी झाका. शोषण ३० नं वाढून ४३.८ होतं आणि वेळ ०.९४ सेकंदावर येतो. पुस्तकं आणि माणसं आली की आणखी कमी. म्हणजे छत अर्धं उघडंच राहिलं, लुकही राहिला. पॅनेल ५० जाडीचं घ्या आणि छतापासून थोडं खाली सोडा. मागच्या हवेमुळे खालच्या पट्टीतला, म्हणजे जाडसर, आवाजही शोषला जातो. पातळ गालिचा फक्त वरच्या पट्टीला चिमटा काढतो, आणि आवाज शोषायला भिंतीला अंड्यांचे ट्रे लावणं हा विनोद समजा.

लाकडी पट्ट्यांच्या पॅनेलबद्दल : पट्ट्यांच्या मागे सलग प्लाय असेल तर ते जवळजवळ काहीच शोषत नाही, आवाज थोडा विखुरतं इतकंच. पट्ट्यांमध्ये खरी फट आणि मागे खनिज लोकर किंवा फेल्ट असेल तरच ते काम करतं. सेक्शन १:५ ला काढा, फसवणूक लगेच दिसते.

घुमाराचं वरचं सूत्र अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सबाइन यांचं. १८९५ मध्ये हार्वर्डच्या एका व्याख्यानगृहात बोललेलं ऐकू येईना, तेव्हा त्यांनी रात्री शेजारच्या सँडर्स थिएटरच्या गाद्या उचलून आणल्या, थोड्या-थोड्या मांडत गेले आणि ऑर्गनचा सूर विरायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजलं. जुरीपुढे हे सांगायची गरज नाही, पण आकडे शीटवर असू द्या.

प्रश्न : रेंडर (संगणकावर केलेली खोलीची चित्रं) खोटे वाटतात. साहित्य सगळं चांगलं वापरलंय.

उत्तर : कॅमेरा पाहा. खोली मोठी दिसावी म्हणून तुम्ही १५-१८ ची रुंद लेन्स लावली असेल. कडेची खुर्ची सोफ्याइतकी ताणली जाते. २८ ते ३५ वर या, कॅमेरा १५०० उंचीवर आणि आडवा ठेवा, उभ्या रेषा उभ्या राहतील. खोली त्या लेन्समध्ये मावत नसेल तर एक भिंत लपवा आणि मागे जा. मग टेक्श्चरची मापं तपासा. ६०० ची टाइल ९०० दिसत असेल तर नजरेला काहीतरी खटकतं, काय ते सांगता येत नाही. फर्निचरच्या कडांना १-२ ची गोलाई द्या. खऱ्या जगात कड अगदी धारदार नसतेच, आणि धारदार कड प्रकाश पकडत नाही म्हणून खोटी वाटते. स्कर्टिंग, स्विच, दाराची चौकट राहून गेलेल्या खोल्या आम्ही दर वर्षी पाहतो. परीक्षक प्लॅनशी रेंडर ताडून बघतात, हेही लक्षात असू द्या.

प्रश्न : केस स्टडीत फोटो आणि माहिती टाकली, तरी ‘अभ्यास दिसत नाही’ असा शेरा आला. विषय ‘लहान घर’. (तिसरं वर्ष, आर्किटेक्चर)

उत्तर : फोटो इमारत दाखवतात, ती कशी चालते ते तुम्हाला काढून दाखवावं लागतं. लहान घरासाठी नेदरलँड्समधल्या उट्रेख्टचं श्र्योडर घर घ्या, वास्तुकार खेरिट रीटव्हेल्ड, १९२४. त्याच्या वरच्या मजल्यावर सरकत्या आणि घडीच्या भिंती आहेत. प्लॅन दोनदा काढा : सगळ्या भिंती उघड्या असताना आणि बंद असताना. बंद भिंती कुठे जाऊन थांबतात, उघडल्यावर त्यांची थप्पी किती जागा खाते, खाट आणि वॉशबेसिन कुणाच्या वाट्याला येतं, हे त्या दोन प्लॅनवर बाणांनी दाखवा. एवढ्यानं एक शीट भरते आणि ती वाचली जाते.

किंवा वास्तुकार मार्गारेटे शुट्टे-लिहोट्स्की यांचं १९२६ चं फ्रँकफर्ट किचन, एक आटोपशीर स्वयंपाकघर. साधारण १.९ × ३.४ मीटर. तिथे एका माणसाची एका जेवणाच्या तयारीतली हालचाल रेषेनं काढा, मग तुमच्या प्रकल्पातल्या स्वयंपाकघरात तीच रेषा त्याच स्केलला काढा. दोन्ही शेजारी ठेवा. केस स्टडीचा शेवटचा मजकूर लिहायचा असेल तर या दोन रेषांच्या लांबीतल्या फरकावर लिहा. त्या इमारतीचा इतिहास दोन ओळींत पुरे.

प्रश्न : रेषेची जाडी किती ठेवावी? (पहिलं वर्ष)

उत्तर : कापलेली भिंत ०.५ ते ०.७, दिसणाऱ्या कडा ०.२५, फरशी आणि हॅच (भाग भरायच्या बारीक रेषा) ०.१३. छापल्यावर डोळे अर्धे मिटून शीट बघा. भिंती आधी दिसल्या पाहिजेत. फर्निचर आधी दिसत असेल तर त्याची जाडी एक पायरी कमी करा आणि पुन्हा छापा.